टिशूचा डबा

समुपदेशन केंद्रातल्या आमच्या आयांच्या गटात नियम आहे: टिशूचा डबा जिच्या मांडीवर, तिनेच बोलायचं. डबा फिरतो आणि एकेक बाई पोटच्या पोराची लक्तरं वेशीवर टांगते. एकीचा बारावीतला मुलगा अजून अंथरूण ओलं करतो, दुसरीची मुलगी जेवली की ओकून येते. बाकीच्या माना पुढे काढून चवीने ऐकतात. मला तर शिसारी येते.

आज डबा माझ्याकडे आला. दोन वाक्यांत उरकायचं ठरवलं होतं, पण सगळ्या माना माझ्याकडे वळल्या आणि माझी जीभ सुटली. लेकीने शपथ घालून सांगितलेलं, तेसुद्धा मी हुंदके देत ओकून टाकलं. समुपदेशक बाईंनी "किती धीराच्या तुम्ही!" म्हणत पाठ थोपटली. मला बरं वाटलं, शी!

सुटल्यावर लेक शेजारच्या खोलीतून, मुलांच्या गटातून बाहेर आली.

"आज काय केलंत गं?" मी विचारलं.

"नेहमीचंच. पहिला अर्धा तास डोळे मिटून गप्प बसायचं आणि जे कानावर येईल ते ऐकायचं," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "मधे नुसतं प्लायवूड आहे, आई."