शेवटची सोळा पानं

"मॅडम, हे पुस्तक तुम्ही पोरांना वाचायला देत होतात?" बाइंडरने चष्मा कपाळावर चढवत विचारलं.

"म्हणजे काय! दर सुट्टीत जातं. लाडकं पुस्तक आहे ते. का हो?"

"काही नाही. याला शेवटच नाही."

ग्रंथपालबाई हसल्या. बाइंडरला चेष्टा करायची खोड होती. पण आज तो हसत नव्हता. उसवलेलं पुस्तक त्याने पालथं घातलं आणि अंगठ्याने पानं चाळली. "एकशे शहात्तरला संपतंय बघा. पुढचा अख्खा फॉर्म नाही. सोळा पानं."

"अहो, पण मागच्या खेपेला तुम्हीच बांधलंत ना? तीन वर्षं झाली."

"मीच बांधलं. माझ्याच हातून सुटला असणार, नाही कशाला म्हणू? पण पुस्तक परत आलं की पानं तुम्ही तपासता ना?" असं म्हणून त्याने मागच्या पुठ्ठ्याच्या आतली चिठ्ठी दाखवली. 'पाने तपासून घेतली', आणि खाली सही. सही बाईंचीच होती, चांगली ठसठशीत.

बाईंनी पुस्तक हातात घेतलं. गोष्ट एका घड्याळजीच्या मुलीची. बाप एके दिवशी दुकान तसंच टाकून निघून जातो आणि मुलगी एकटीने ते चालवते. एकशे शहात्तराव्या पानाच्या तळाशी शेवटची ओळ होती: 'हत्यारं पुसून तिने पेटीत ठेवली आणि ती दाराशी येऊन बसली. रस्त्यावर कोणीच नव्हतं.' पुढे पूर्णविराम आणि मग कोरा पुठ्ठा. इथेच गोष्ट संपली असं कोणालाही वाटलं असतं.

बाईंना टिटवी आठवली, तीन वर्षांपूर्वी सुट्टीत वाचायला येणारी मुलगी.

वाचनालयात सुट्टीतलं वाचन बाईंनीच सुरू केलं होतं, त्याला आता एकोणीस वर्षं होत आली. सहावी ते दहावीची मुलं. दोन महिन्यांत दहा पुस्तकं वाचायची आणि प्रत्येक पुस्तक वाचून झालं की बाईंच्या टेबलासमोर उभं राहून तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची. कोण आवडलं? कुठे अडखळलास? शेवटी काय झालं? उत्तरं पटली की कार्डावर शिक्का, दहा शिक्के झाले की भिंतीवर नाव. पोरं थापा मारतात हे बाईंना पक्कं ठाऊक होतं, आणि आपल्याला थाप कळते याचा त्यांना भारी अभिमान. 'माझ्या डोळ्यांत धूळ फेकणारा अजून जन्माला यायचाय,' असं त्या चारचौघांत म्हणत.

टिटवी तेव्हा आठवीत होती. हे नाव मुलांनीच ठेवलेलं, कारण एकदा बोलायला लागली की थांबायची नाही. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं ती इतकी ऐसपैस द्यायची की मागची रांग कुरकुरायची. त्या सुट्टीत नऊ शिक्के झाले होते. घड्याळजीची मुलगी तिचं दहावं पुस्तक.

"शेवटी काय झालं?" बाईंनी शिक्का उचलतच विचारलं होतं.

"काहीच होत नाही, मॅडम. वडील येतात की नाही ते सांगतच नाहीत. ती नुसती दाराशी बसते. मला आधी रागच आला. पण मग वाटलं, बरोबर आहे. वाट बघायची म्हणजे असंच असणार ना? कळतच नाही."

रांगेतलं कोणीतरी खिदळलं. बाईंनी शिक्का खाली ठेवला.

"वडील परत येतात. तिने दुरुस्त केलेलं घड्याळ कानाला लावतात आणि म्हणतात, हे तर माझ्या हातच्यापेक्षा चांगलं चालतंय. हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. शेवट वाचलाच नाहीस तू."

"वाचलाय, मॅडम! पुस्तकात असंच आहे. हे बघा ना." तिने पुस्तक पुढे केलं होतं. अगदी टेबलाच्या कडेपर्यंत, बाईंच्या हाताला लागेल इतकं जवळ.

"मला काय दाखवतेस? पंधरा वेळा वाचलंय मी ते. समोर काय लिहिलंय ते आधी नीट वाचायला शीक, मग मला शिकव."

सगळी रांग हसली. टिटवी हसली नाही आणि रडलीही नाही. तिने तिथेच उभ्या उभ्या शेवटचं पान उघडलं, ओठ हलवत एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. मग पुस्तक टेबलावर ठेवून निघून गेली. कार्ड न्यायलाही आली नाही.

त्या संध्याकाळी बाईंनी घरी नवऱ्याला हा किस्सा रंगवून सांगितला होता. शेवट वाचायचा नाही आणि वर तत्त्वज्ञान सांगायचं! दोघंही पोट धरून हसले होते. आता बाइंडरच्या दुकानात, खळीच्या वासात उभ्या असताना त्यांना स्वतःच्या त्या हसण्याची किळस आली.

वाचनालयात परतल्यावर त्यांनी पुस्तकाची नोंद काढली. ही प्रत बांधून आल्यावर टिटवीच्या आधी तिघांनी नेली होती, आणि तिघांनाही शिक्का मिळाला होता! जे पुस्तकात नव्हतंच, ते तिघांनी घडाघडा सांगितलं होतं. सांगणार नाहीत तर काय? एकोणीस वर्षं तेच तीन प्रश्न, तीच पुस्तकं. उत्तरं या पोरांकडून त्या पोरांकडे जात होती आणि बाई खुशाल शिक्के मारत होत्या. थापा पचल्या, आणि जिने खरोखर शेवटच्या पानापर्यंत वाचलं, नेमकी तीच खोटी ठरली.

दुसऱ्या दिवशी सभासदाच्या अर्जावरचा पत्ता घेऊन त्या निघाल्या. पिशवीत त्याच पुस्तकाची दुसरी, धड प्रत होती.

दार टिटवीच्या आईने उघडलं. "ती होय? कॉलेज सुटलं की औषधांच्या दुकानात जाते कामाला. कोपऱ्यावरच आहे. पुस्तकं? छे हो, गोष्टीबिष्टी सोडल्याच तिने. अभ्यासाचं वाचते तेवढंच. लहानपणी जेवताना हातातून पुस्तक ओढून घ्यावं लागायचं. मग काय झालं कोण जाणे."

बाईंना 'मी झाले' असं म्हणायचं होतं. त्या पिशवी सावरून कोपऱ्याकडे वळल्या.

दुकानात गर्दी नव्हती. काउंटरमागे टिटवी होती. उंच झाली होती, चेहरा शांत झाला होता. तिने बाईंना लगेच ओळखलं. "अय्या, मॅडम! काय देऊ?"

"काही नको गं. तुझ्याशी बोलायचं होतं." घरून ठरवून आणलेली वाक्यं बाई पार विसरल्या. "ते घड्याळजीच्या मुलीचं पुस्तक... त्याची शेवटची पानंच नव्हती. बांधताना गळाली होती आणि मी तपासली नाहीत. तू वाचलंस ते बरोबर होतं. शब्द न् शब्द बरोबर होतं. चूक माझी होती, आणि मी सगळ्यांसमोर तुला... माफ कर मला."

टिटवी छान हसली. "जाऊ दे हो, मॅडम. किती जुनं ते! मी विसरलेसुद्धा."

बाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी पुस्तक काउंटरवर ठेवलं. "हे तुला आणलंय. पूर्ण आहे. मी काल मोजली पानं."

"थँक्यू, मॅडम. वाचेन सवडीने." तिने ते बाजूला सरकवलं, कारण एक गिऱ्हाईक आलं होतं. तापाच्या गोळ्या हव्या होत्या, पाचशे मिलिग्रॅमच्या. टिटवीने फळीवरून अचूक खोकं काढलं. त्यावर मोठ्या आकड्यांत पाचशे छापलेलं बाईंना लांबूनही दिसत होतं. ती खोकं घेऊन आत दुकानदाराकडे गेली.

"काका, पाचशेच आहे ना?"

"हो गं बाई, पाचशेच." गिऱ्हाईक गेल्यावर दुकानदार कौतुकाने बाईंना म्हणाला, "तुमची विद्यार्थिनी का? गुणी पोरगी आहे. सहा महिन्यांत एकदाही चुकली नाही. पण मला विचारल्याशिवाय एक खोकं देत नाही कोणाला. मी म्हणतो, अगं, छापलेलं आहे, दिसतंय ना तुला? तर म्हणते, मला दिसतं, काका, पण माझ्या वाचण्याचा काय भरवसा?"

टिटवी ओशाळून हसली. बाईंना हसता आलं नाही.

तेवढ्यात एका म्हाताऱ्या गृहस्थांनी खोकल्याचं औषध मागितलं. तिने बाटली काढली, तिच्यावरचं नाव वाचलं, पुन्हा वाचलं आणि मागे वळली. दुकानदाराचा फोन वाजला होता, तो बोलण्यात गुंतला होता.

बाटली हातात धरून ती त्याच्या शेजारी थांबून राहिली.