लांबलेली सुट्टी

आम्रपाली घरी आली तेव्हा पहिला आठवडा दापोडीच्या गल्लीनं तिचं कौतुक केलं. दुसऱ्या आठवड्यात कौतुक आटलं. महिना उलटला तशी गल्ली तिच्या पोटाकडे बघायला लागली.

विमानात काम करणाऱ्या पोरीला एवढी सुट्टी कोण देतं? बायका म्हणाल्या, काहीतरी करून आलीय. तिचा भाऊ सनी चाकणला कंत्राटी कामाला. कंपनीच्या बसमध्ये शेखर नावाच्या पोरानं त्याला हसत विचारलं, तुझी ताई सोनं आणताना घावली का काय राव. सनीनं त्याची कॉलर धरली. मग घरी येऊन तोच प्रश्न त्यानं बहिणीला जरा सभ्य भाषेत विचारला. बाहेर भांडायचं आणि घरात झडती घ्यायची, ही आपली माया.

साठलेली रजा आहे, एवढंच ती सांगायची.

रजा नव्हती. तिला तीन महिन्यांसाठी सस्पेंड केलं होतं. ड्यूटीवर चढण्याआधी मशीनमध्ये फुंकावं लागतं. दारूचा अंश निघाला की घरी. शून्याच्या वर काहीही चालत नाही, मग पायलट असो नाहीतर चहा वाटणारी. मुंबईत एका पहाटे तिनं फुंकलं आणि आकडा आला. थांबवून पुन्हा फुंकायला लावलं, पुन्हा आला. ज्या पोरीनं आयुष्यात दारूचा थेंब चाखला नाही, तिला तपासणीच्या डॉक्टरनं असं बघितलं, जणू ती गुत्त्यातून उठून आलीय. आणखी एकदा आकडा आला तर तीन वर्षं घरी. म्हणजे नोकरी गेलीच. तीन वर्षं कोण तुमची खुर्ची पुसत बसतं?

आकडा आला कुठून, हे तिला कळत नव्हतं. तीच खरी भीती होती. जे कळलं नाही ते परत होऊ शकतं.

तिचा संशय मुंबईत तिच्याच खोलीत राहणाऱ्या मिनलवर होता. मिनल तिच्याच बॅचची, तिच्याच फ्रीजमधलं पाणी पिणारी. आम्रपालीला मिळणारी दुबईची फ्लाइट नंतर मिनललाच मिळाली. यापेक्षा वेगळा पुरावा काय पाहिजे? तिनं मिनलला तोंडावर चोर म्हटलं, माझ्या बाटलीत काहीतरी टाकलंस म्हणाली, आणि वरिष्ठांकडे तक्रार ठोकली. मिनल रडली. ते नाटक आहे, असं आम्रपालीनं ठरवून टाकलं.

घरात मात्र संशयित तीच होती. आणि संशय घेणारा सगळ्यात तरबेज माणूस होता तिचा बाप, साहेबराव.

साहेबराव पिंपरीच्या कारखान्यात फिटर होते. पगाराच्या दिवशी त्यांना गटारातून उचलून आणलेलं गल्लीनं पाहिलंय. मग एका बुद्धपौर्णिमेला विहारात त्यांनी पंचशील घेतलं, आणि दारू सोडायच्या पाचव्या शीलापाशी आवाज फाटेस्तोवर रडले. त्यानंतर त्यांनी थेंब घेतला नाही. पण लपवायच्या सगळ्या युक्त्या त्यांना पाठ होत्या. पोरगी अत्तर लावत नाही, हे त्यांनी पाहिलं. खोकल्याचं औषध नको म्हणते, तोंड धुवायचं ते निळं पाणीही तिनं सनीला देऊन टाकलं. ज्यात दारूचा अंश असतो ते सगळं ही टाळते, आणि जेवण झालं की बडीशेप खाते.

एका रविवारी दुपारी ते तिच्यासमोर येऊन बसले.

"बडीशेप मी पण खायचो," ते म्हणाले. "सुट्टी झाली की पोटात क्वार्टर आणि तोंडात मूठभर बडीशेप. तुझी आई दारातच माझ्या तोंडाचा वास घ्यायची."

"आण्णा, काय विचारायचंय ते सरळ विचारा."

"पितेस का तू?"

तिनं सगळं सांगितलं. मशीन, आकडा, मिनल. आईला यातलं काही कळू देऊ नका म्हणाली. साहेबरावांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"मशीन खोटं बोलतं असं मीपण म्हणायचो," ते म्हणाले. "माझ्या वेळी मशीन नव्हतं. तुझ्या आईचं नाक होतं."

त्यावर ती जे बोलली ते लिहिण्यासारखं नाही. बापलेकीच्या त्या भांडणानंतर घरात फक्त भांडी वाजत राहिली.

तीन महिने भरले, जायचा दिवस आला. आई, सोजरबाई, सकाळपासून डबे भरत होती. जवसाची चटणी, खारे शेंगदाणे, आणि मधाच्या जुन्या बाटलीत काढा. घशाला बरा, अंगात ताकद येती, मागच्या खेपेला दिला तसाच हाय, असं म्हणत तिनं बाटली बॅगेत खोचली. साहेबराव शेजारीच उभे होते. झाकण जरा सैल होतं.

त्यांनी बाटली काढली, झाकण फिरवलं आणि नाकाशी नेली. मग हात लांब करून ती ओट्यावर ठेवली आणि दोन पावलं मागे सरले.

"सोजर, हे कुठनं आणलंस?"

"घरचा काढा हाय."

"सोजर."

सोजरबाईचं तोंड उतरलं. अय्याजच्या मेडिकलमधलं द्राक्षासव होतं ते. पोरगी वाळत चाललीय, आणि दुकानातलं औषध दिलं की कंपनीचा नियम सांगून डोळ्यादेखत टाकून देते. म्हणून तिनं बाटली बदलली. मध घातला आणि काढा म्हणून दिला. अय्याजचा यात काही दोष नव्हता, त्याला काय माहीत.

"त्यात दारू असते," साहेबराव म्हणाले. "थोडी असते, पण असते. मी घरात येऊ दिलं नसतं."

"औषध हाय ते," सोजरबाई म्हणाली. "लोकं पोरांना देत्यात. त्यात काय असतंय?"

आम्रपालीला ती पहाट आठवली. घसा बसला होता. कॅबमध्ये तिनं बाटली तोंडाला लावून चांगले चार घोट घेतले होते, आईची आठवण काढत.

मग सगळं सांगावंच लागलं. सोजरबाई ऐकता ऐकता खाली बसली. साहेबरावांनी काढा मोरीत ओतला आणि वर बादलीभर पाणी टाकलं. लेकीची माफी त्यांनी मागितली नाही. त्यांच्या पिढीला ते येत नाही. तिची बॅग तेवढी उचलून दाराशी नेऊन ठेवली.

आम्रपालीनं मिनलला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. तिसऱ्यांदा मिनलनं कट केला. आईवर ओरडावं असं तिला वाटत होतं, पण निर्दोष पोरीला चोर कुणी ठरवलं होतं? आईनं नाही.

रिक्षा गल्लीच्या तोंडाशी आली. सोजरबाईनं माठातलं पाणी स्टीलच्या बाटलीत भरलं आणि तिच्या हातात दिलं. आम्रपालीचा हात झाकणावर थांबला. तिला उघडायची होती, आणि आईसमोर उघडवत नव्हती.

सोजरबाईनं बाटली परत घेतली, स्वतःच झाकण काढलं आणि लेकीच्या नाकाखाली धरली.

"घे वास," ती म्हणाली. "ह्यांचा मी रोज घ्यायची. त्यात लाजायचं न्हाई."

आम्रपालीनं वास घेतला. नुसतं पाणी होतं. तिनं परत एकदा घेतला.