मिस युलाच्या नावासाठी सात सह्या

अलाबामातल्या आमच्या काउंटीला तेव्हा एकच आमदार होता, आणि तो माणसं पुरायचा. मिस्टर लूशियस टार्व्हर. घरचा धंदा अंत्यविधीचा. चौऱ्याहत्तर साली निवडून आले, पण धंदा सोडला नाही. राजधानीत, माँटगोमेरीला, अधिवेशन नसलं की शनिवारी सकाळी ते आपल्या दुकानाच्या ओसरीवर डोलखुर्चीत बसायचे आणि अख्खी काउंटी पायऱ्यांवर जमायची.

"मिस्टर टार्व्हर, आमच्या वाटेवरची मोरी खचलीय."

"मिस्टर टार्व्हर, पोराला पलटणीतून सुट्टी देत नाहीत. त्याची आई अंथरुणाला खिळलीय."

उन्हाळ्यात चर्चमध्ये वारा घ्यायला त्यांच्या दुकानाचे पुठ्ठ्याचे पंखे असायचे. एका बाजूला त्यांचाच फोटो. त्या पंख्याच्या पाठीवर ते पेन्सिलीने सगळं टिपून घ्यायचे. कुणी चेष्टा करायचं, "लूशियस, आमचं काम नाही केलंस तरी शेवटी तुझ्याच हाती यायचंय आम्हाला." ते म्हणायचे, "म्हणून तर गिऱ्हाईक सांभाळतो."

पासष्ट सालापर्यंत आम्हा काळ्या लोकांना मतच नव्हतं. त्यामुळे आपला माणूस खुर्चीत बसलाय हे नुसतं बघायलाही आम्ही शनिवारी जायचो. काम नसलं तरी. आणि त्यांनी कधी कुणाला "हे माझ्याकडे नाही" असं म्हटलं नाही. मोरी काउंटीची, हमरस्ता राज्याचा, पलटण वॉशिंग्टनची. ते फक्त म्हणायचे, "दे इकडं." पुढे कुणाच्या पाया पडायचे ते त्यांनाच ठाऊक. त्यामुळे कुठलं काम कुणाचं हे आम्ही कधी शिकलोच नाही. त्याचा फटका मला म्हातारपणी बसला.

मिस युला क्रेनशॉ आमच्या कॉटर्स मिल गावच्या पोस्टात चौतीस वर्षं खिडकीवर होत्या. डेट्रॉइटहून माझ्या भावाची, रॉस्कोची पत्रं यायची. मला अक्षर येत नव्हतं. मी लाकडाच्या गिरणीत वाढलेला. मिस युला हळू आवाजात पत्र वाचायच्या, आणि मागे कुणी येऊन उभं राहिलं की मध्येच थांबून म्हणायच्या, "मग मिस्टर एझेल, तिकिटं किती देऊ?" माझी लाज त्यांनी एकवीस वर्षं झाकली.

त्र्याण्णव साली रॉस्को गेला. त्याचं शेवटचं पत्र तो गेल्यावर दोन दिवसांनी आलं. मी म्हटलं, "हे मला वाचून दाखवू नका. मला वाचायला शिकवा." मी त्रेपन्न वर्षांचा होतो. दुपारी बारा ते एक खिडकी बंद असायची. मला मागच्या खोलीत स्टुलावर बसवून त्या पार्सलांवरचे पत्ते वाचायला लावायच्या. मी आयुष्यात वाचलेला पहिला शब्द म्हणजे एका खोक्यावरचा लाल शिक्का: 'नाजूक'. रॉस्कोचं पत्र वाचायला मला सात महिने लागले.

दोन हजार सतरा सालच्या फेब्रुवारीत मिस युला गेल्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवणं चालली होती. मी उठून उभा राहिलो आणि म्हटलं, "पोस्टाला मिस युलाचं नाव लागलं पाहिजे." सगळे "आमेन" म्हणाले. आमेन म्हणणं सोपं असतं. पण मी बोलून बसलो होतो, आणि मला अठ्ठ्याहत्तरावं चालू होतं. हे काम माझ्या हयातीत व्हायला हवं होतं.

तीन चर्चमध्ये रविवारी अर्ज फिरवला. दोनशे चाळीस सह्या झाल्या. माझी चुलत बहीण व्हर्लीन मला गाडीतून माँटगोमेरीला घेऊन गेली. माझा डोळा अधू झाल्यापासून गाडीही तीच चालवते आणि तोंडही.

मिस्टर टार्व्हर गेल्यानंतर दर जनगणनेला मतदारसंघ नव्याने आखताना काउंटीचे तुकडे पडत गेले. आता आम्हाला तीन आमदार आहेत आणि तिघंही राहतात दुसऱ्याच काउंटीत. आमच्या वाट्याच्या आमदारबाई मिस साइक्स. तरुण, नीटनेटक्या. त्यांनी अर्ज शेवटपर्यंत वाचला.

"मिस्टर एझेल, पोस्ट माझ्याकडे नाही. ते वॉशिंग्टनचं. त्याला कायदा तिथल्या संसदेत करावा लागतो. तुमच्या खासदाराकडे जावं लागेल."

"तुम्ही द्या ना पुढे पाठवून."

"मी पत्र देईन. पण ते माझं ऐकतीलच असं नाही." मग जरा विचार करून म्हणाल्या, "रस्ते आणि पूल आमचे. ओढ्यावरच्या पुलाला नाव देऊ या? याच अधिवेशनात होईल. दोन्ही बाजूंना मोठ्या हिरव्या पाट्या."

व्हर्लीनने मला कोपराने ढोसलं. "घे. मोठी पाटी आहे."

"मिस युलाचा त्या पुलाशी काय संबंध?" मी म्हटलं. "पुलाच्या अलीकडे जन्मल्या आणि अलीकडेच गेल्या."

"लोक काय, पाटी वाचतात. संबंध कोण विचारतंय?"

"मी विचारतोय."

परतीच्या वाटेवर तिने गाडी दामटली. मग म्हणाली, "हट्टाला बक्षीस असतं ना एझेल, तर पोस्टाला तुझंच नाव लागलं असतं."

खासदाराचं ऑफिस साठ मैलांवरच्या शहरात होतं. खासदार वॉशिंग्टनमध्ये. ऑफिसात प्रुइट नावाचा एक टायवाला माणूस होता, गोरा, चाळिशीचा, बोलायला सरळ. त्याने टेबलावर नकाशा पसरला आणि आमच्या गावाच्या मधोमध बोट ठेवलं.

"ही हद्द. तुमच्या हमरस्त्याच्या मधल्या पिवळ्या पट्ट्यावरून जाते. पूर्वेचा भाग आमचा, पश्चिमेचा दुसऱ्या खासदाराचा. पोस्ट पूर्वेला आहे, म्हणजे विधेयक आम्हीच मांडायचं. आता या सह्यांमधले पूर्वेचे किती?"

आम्ही दोघांनी बोट ठेवून मोजले. नऊ. तिन्ही चर्च पश्चिमेला, आणि चर्चची माणसंही तिकडचीच.

"रस्ता ओलांडला की माणूस बदलतो का हो?" व्हर्लीनने विचारलं.

"माणूस नाही बदलत, मॅडम. खासदार बदलतो." तो हसला नाही. "आमच्या साहेबांना एवढंच बघायचंय की त्यांच्या भागातल्या लोकांना हे हवंय. आणि आणखी एक. रिवाज असा की राज्याचे सगळे खासदार पाठिंब्याची सही देतात, तेव्हाच संसदेची समिती पोस्टाचं नाव हातात घेते. अलाबामाचे सात. एक जरी राहिला तरी कागद तिथंच पडून राहतो."

"पूर्वेला आहेच कोण?" मी म्हटलं. "कोंबड्यांचा कारखाना आणि चाकांवरच्या घरांची, ट्रेलरांची वस्ती. ग्वाटेमालाची माणसं. त्यांना कुठं मत आहे?"

प्रुइट म्हणाला, "जनगणनेत त्यांची डोकी मोजली आहेत, मिस्टर एझेल. त्या डोक्यांवरच हा मतदारसंघ बेतलाय. साहेब तिथं राहणाऱ्या सगळ्यांचे."

ते वाक्य मला गाडीत बोचत राहिलं. एके काळी आम्हीही असेच होतो. मोजलेले, पण मत नसलेले. आणि आता तेच मी दुसऱ्याबद्दल बोलून आलो होतो.

शनिवारी आम्ही वस्तीत गेलो. मी पंचेचाळीस वर्षं तो रस्ता ओलांडून पोस्टात जात होतो, पण पोस्टाच्या मागे कधी गेलो नव्हतो. पहिली दोन दारं उघडली आणि लगेच बंद झाली. तिसऱ्या दारात मतेओ नावाचा गडी भेटला, कारखान्यात यंत्रं दुरुस्त करणारा. आमची भाषा त्याला येत होती. त्याची बायको पेत्रोना मागे मक्याच्या पिठाने माखलेल्या हातांनी उभी.

मी मिस युलाचं नाव घेतलं. मतेओ आत गेला आणि फ्रिजवर चिकटवलेला एक पिवळा पडलेला कागद घेऊन आला. त्यावर मिस युलाचं अक्षर. मी ते कुठेही ओळखलं असतं. ग्वाटेमालाच्या वेवेतेनांगो प्रांतातल्या अकरा गावांची नावं, एकाखाली एक, नीट.

"आमची पाकिटं परत यायची," मतेओ म्हणाला. "गावाचं नाव आम्हाला धड लिहिता येत नव्हतं. त्यांनी नकाशा मागवला. आम्हाला एकेक गाव बोलायला लावलं आणि हे लिहून दिलं. अजून बघून लिहितो आम्ही."

मी तो कागद हातात घेऊन एकेक नाव वाचत गेलो. मला वाटायचं, त्या दुपारच्या तासाला मी एकटाच होतो.

"मग सही करतोस?" व्हर्लीनने कागद पुढे केला.

पेत्रोना नवऱ्याशी भराभर काहीतरी बोलली. मतेओने विचारलं, "ती म्हणते, ही नावं कुठं जाणार? कोण बघणार?"

सहासष्ट साली वडील मतदार यादीत नाव घालायला निघाले तेव्हा माझ्या आईने दारात उभं राहून त्यांना हाच प्रश्न विचारला होता. मी म्हटलं, "खासदाराच्या ऑफिसात जाणार. पुढे कोण बघेल ते मी सांगू शकत नाही. भीती वाटत असेल तर करू नका. मिस युला रागावल्या नसत्या."

पेत्रोनाने सही केली नाही. मतेओने केली. मग तो स्वतः आमच्याबरोबर दारोदार फिरला. तीन शनिवार. बावन्न सह्या झाल्या, कितीतरी दारं बंद राहिली, आणि एका म्हातारीने सहीऐवजी आम्हाला केळीच्या पानात गुंडाळलेले मक्याचे तामाले दिले. व्हर्लीन गाडीत बसून तीन खाऊन मोकळी झाली. "ही माझ्या लेखी सहीच," ती म्हणाली.

विधेयक मांडलं गेलं. मे महिन्यात प्रुइटचा फोन आला, सहा सह्या झाल्या. सातवी अडली होती. कुणाची? आमच्या पश्चिमेच्या खासदाराची. त्याच्या ऑफिसचं म्हणणं, पोस्ट आमच्या भागात नाही, आमच्या लोकांचा याच्याशी काय संबंध?

मी खुर्चीत बसलो आणि मोठ्याने हसलो. व्हर्लीनला वाटलं मला काहीतरी झालं.

"अगं, दोनशे एकतीस सह्या कुणाच्या आहेत?" मी म्हटलं. "त्याच्याच लोकांच्या!"

दुसऱ्या दिवशी आम्ही तो जुना अर्ज घेऊन पश्चिमेच्या ऑफिसात गेलो. तिथल्या बाईने चाळला, पत्ते तपासले, आणि विचारलं, "हे आमच्याकडे आधी का नाही आणलंत?"

"आम्हाला वाटलं, एक माणूस पुरतो," मी म्हटलं.

जूनमध्ये सातवी सही झाली. तरीही वर्ष-दीड वर्ष गेलं. मधल्या काळात मी काउंटीच्या सगळ्यांची नावं पाठ केली: तीन आमदार, राज्याचे दोन सिनेटर, दोन खासदार, वॉशिंग्टनचे दोन सिनेटर. नऊ माणसं. त्यातलं एकही माझं नाव जाणत नाही. मिस्टर टार्व्हरांना माझ्या आईच्या आईचं नाव ठाऊक होतं. पण ते कुणाच्या दारात जायचे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आता मला नऊही दारं ठाऊक आहेत. यातलं कुठलं बरं, ते मला ठरवता येत नाही. बरेचदा मला ती ओसरीच आठवते.

पाटी आली तेव्हा व्हर्लीन म्हणाली, "एवढीशी?" बाहेरचा फलक बदलत नाहीत म्हणे. आत, भिंतीवर, ताटाएवढी पितळी पाटी. खासदार येऊ शकले नाहीत, वॉशिंग्टनला मतदान होतं. प्रुइट आला, पेचकस घेऊन. पोस्टाची भिंत जुन्या विटेची, तिला पेचकसाने काय होतंय? मतेओने आपल्या ट्रकमधून ड्रिल आणलं. पेत्रोनाने पाटी धरली. दाराशी पूर्वेचे नि पश्चिमेचे मिळून तीसेक लोक, कुणी हातात टपाल घेऊनच आलेले.

मी पाटी मोठ्याने वाचली. सावकाश, पण न अडखळता.

"डावीकडून जरा वर," व्हर्लीन म्हणाली.

मतेओने स्क्रू सैल केला.