विषय शोधणाऱ्या घरातला फळा

मी फळा बोलतोय. नावाला फळा, पण रंगानं दुधासारखा पांढरा. खडूची धूळ मला माहीत नाही. काळ्या फळ्यांवर निबंध लिहून लिहून तुम्ही दमलात, आता थोडं माझंही ऐका.

माझा जन्म तळोज्याच्या एका शेडमध्ये झाला. गुळगुळीत पत्रा, पाठीला लाकडी फळी, चारी बाजूंनी ॲल्युमिनियमची पट्टी आणि कोपऱ्यांना प्लास्टिकच्या टोप्या. माझ्यासोबतचे काही फळे महाप्याच्या मोठ्या ऑफिसांत गेले. तिथे एसी असतो म्हणे. मी मात्र टेम्पोत बसून नेरुळच्या सारसोळे गावात आलो, रणजीत सरांच्या दहावीच्या क्लासला. तेव्हा मला जरा वाईट वाटलं होतं. आता नाही वाटत.

सरांचा हात फार कसलेला. सूत्र लिहायचे आणि मुलांनी मान वर करायच्या आत पुसायचे. माझ्यावर कितीतरी प्रमेयं लिहिली गेली, पण मुलांना सगळ्यात आवडलेलं वाक्य होतं, ‘उद्या क्लास नाही’. तेही संध्याकाळी पुसलं जायचं. पुसलं जाणं हा आमचा जातिधर्म. तरी मनात यायचं, एखादी ओळ तरी अंगावर राहावी.

पुढे सरांचा क्लास वाढला आणि त्यांनी स्टेशनजवळ मोठी जागा घेतली. बाकडी नेली, पंखे नेले. माझ्याकडे बघून म्हणाले, “काकी, हा काढला तर भिंतीचं प्लास्टर येईल. आणि तिकडे आता स्क्रीन आहे.”

“राहू दे मास्तर,” घरमालकीण सुमित्राबाई म्हणाल्या. “भिंत झाकलेली हाय ती बरी हाय.”

असा मी भिंत झाकायच्या कामावर लागलो.

सुमित्राबाई मूळच्या याच गावच्या. शहर आलं तशी शेती गेली, मग घराच्या जागी त्यांनी तीन मजले चढवले आणि वरच्या खोल्या भाड्यानं दिल्या. खाली त्या, मुलगा केतन, सून भाविका आणि नात प्राची. क्लासची खोली रिकामी झाल्यावर ती घराची पुढची खोली झाली. येणाऱ्या-जाणाऱ्याला पहिलं दर्शन माझं.

भाविका बी.कॉम. झालेली. लग्नाआधी आणि नंतरही ती तळोज्याच्या एका कंपनीत अकाउंट्सला होती. प्राचीच्या वेळी तिनं काम सोडलं. आता प्राची बालवाडीत जाऊ लागली होती आणि कंपनीतून फोन आला होता, नारळी पौर्णिमेनंतर परत येणार का? घरात बसून राहणं भाविकाच्या स्वभावात नव्हतं. स्वतःच्या नावावर स्वतःची कमाई तिला हवी होती. पण तळोज्याची बस आठवली की तिचा चेहरा उतरायचा.

“सकाळी निघताना प्राची झोपलेली, परत येईपर्यंत परत झोपलेली,” ती केतनला म्हणाली. “मी तिला फक्त झोपेतच बघायचं का?”

“मग करायचं काय?”

“ब्लॉग. जाहिरातींतून पैसे मिळतात. लोकं कमवतात रे.”

“कशावर लिहिणार?”

इथेच घोडं अडलं. केतननं डोकं खाजवलं आणि म्हणाला, “टेन्शन नको घेऊ. पण नारळी पुनवेपर्यंत काय ते ठरव. त्यांना हो-नाही सांगावं लागेल.”

दुसऱ्या दिवशी भाविकानं नवा निळा मार्कर आणला आणि माझ्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘विषय :’. माझं अंग शहारलं. कितीतरी दिवसांनी कुणी माझ्यावर काही लिहिलं होतं.

मग एकेक विषय यायचा आणि जायचा. पहिला प्रवास. दोन दिवस ती खुशीत होती. मग लक्षात आलं की आपण कार्ल्याची एकवीरा आणि लग्नानंतरचं महाबळेश्वर सोडून कुठे गेलेलोच नाही. प्रवास पुसला. मग मेकअप आला. त्यासाठी स्वतःचे फोटो काढावे लागतात हे कळल्यावर तोही गेला.

दुसऱ्या मजल्यावर सौरभ नावाचा भाडेकरू राहायचा. कराडकडचा, महाप्याला वेबसाइटच्या कामात. त्याला ब्लॉगचं सगळं ठाऊक. तो म्हणाला, “वहिनी, पैसा शेअर बाजाराच्या ब्लॉगात हाय. जाहिरातीचा रेट तिथं तगडा.”

भाविकानं मोठ्या उत्साहानं लिहिलं, ‘शेअर बाजार’. खाली काय लिहायचं ते सुचेना. शेवटी सौरभनंच कबूल केलं, “खरं सांगू का, मलाबी त्यातलं कळत नाही.”

मग आगरी जेवणाची पाळी आली. हे मात्र जमेल असं सगळ्यांनाच वाटलं. सुमित्राबाईंच्या हातचं कालवण खाऊन भाडेकरू खोली सोडायला तयार होत नाहीत, अशी त्यांची ख्याती. भाविका मोजायचे चमचे घेऊन त्यांच्या मागे उभी राहिली.

“आई, मसाला किती चमचे?”

“चमचे कशाला? हात हाय ना.”

“अंदाजे तरी?”

“मच्छी बघून टाकाचा. ती सांगतं.”

भाविकानं त्यांच्या हातातला मसाला वाटीत काढून मोजला तेव्हा कालवण खाली लागलं. तो विषय सुमित्राबाईंनी स्वतः येऊन पुसला, पदरानं.

आषाढ सरत आला. संध्याकाळी भाविका माझ्यासमोर बसून राहायची आणि मार्करचं टोपण काढायची, घालायची. एकदा सौरभ दारात थांबला आणि नेहमीची गंमत सोडून सरळ बोलला. “वहिनी, भारी विषय नका शोधू. लोकं रोज विचारत्यात आणि उत्तर कुठंच लिहिलेलं नाही, असं काय हाय ते बघा.”

“तेच तर सापडत नाहीये, सौरभभाऊ.”

आणि ही दोघं बोलत असताना दारात काय चाललेलं असायचं ते मला विचारा! बेल वाजली की कोणीतरी खोली बघायला आलेलं. नाहीतर नवा भाडेकरू जिन्यातून डोकावून विचारतोय, काकी पाणी कधी? काकी महाप्याची बस कुठून? काकी डबा कुठे मिळेल? सुमित्राबाई भाकरी थापता थापता ओरडून उत्तर द्यायच्या. त्या बाजारात असल्या तर भाविका उत्तर द्यायची, डोळे लॅपटॉपवर ठेवून. मला तोंड असतं तर तेव्हाच ओरडलो असतो. पण माझं काम दुसऱ्यानं लिहिलेलं दाखवायचं.

मग सुमित्राबाईंना उरणला बहिणीकडे जायचं झालं. भाविका प्राचीला शाळेत सोडायला गेली होती. जाण्याआधी तिनं माझं सगळं अंग लख्ख पुसलं होतं, फक्त ‘विषय :’ एवढंच ठेवलं होतं. सुमित्राबाईंची पिशवी भरून तयार. पाय दारात, आणि पुन्हा बेल! पुन्हा तेच, पाणी कधी येतं?

त्या मुलाला त्यांनी उत्तर दिलं, दार लावलं आणि कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघितलं. “मी नसताना ही पोर एकटी कोनाकोनाला सांगल?” असं स्वतःशी पुटपुटत त्यांनी केतनचा, सामानाच्या खोक्यांवर नाव घालायचा जाडा काळा मार्कर उचलला. तो माझा मार्कर नव्हता. तो पुसला न जाणारा होता. हे मला कळलं, त्यांना नाही. ‘विषय’ शब्दाच्या खालची कोरी जागा त्यांना आयती सोयीची वाटली. त्यांनी मोठ्या, ठसठशीत अक्षरांत लिहिलं :

१. पानी सकाली पाच ते सात. वरच्या माल्यावर सहालाच बंद.
२. रिक्षावाल्याला नुसता सेक्टर सहा बोलू नको. नेरुल, सारसोले गाव बोल.
३. महाप्याची बस नाक्यावर. गावात येत नाय.
४. डबा पाहिजे तर गिरणीवरच्या सगुणाला विचार. मच्छी बुधवार, शुक्रवार, रविवार.
५. कागद केल्याबिगर कोनाला डिपॉझिट देऊ नको. मला पन नाय.

आणि त्या समाधानानं उरणला गेल्या.

भाविका आली आणि दारातच थबकली. आधी डस्टर घेतला, मग ओला फडका, मग साबणाचं पाणी. माझी कातडी सोलवटली, पण काळी अक्षरं जागची हलली नाहीत. ‘विषय’ शब्दाला धक्का लागेल म्हणून ती वरच्या बाजूला हात नेत नव्हती. शेवटी खाली बसली आणि रडली. फळ्यासाठी नाही. नारळी पौर्णिमा आठवड्यावर आली होती, आणि विषय लिहायला आता जागाही उरली नव्हती.

तेवढ्यात बेल वाजली. दारात एक मुलगी, हातात मोठी बॅग, चेहरा घामानं आणि रडण्यानं लाल. नाव नमिता. चिपळूणहून आलेली, महाप्याला पहिलीच नोकरी. खोलीचं फोनवर ठरलं होतं.

“एवढा उशीर?” भाविकानं डोळे पुसत विचारलं.

“सानपाड्याला उतरले. रिक्षावाल्याला सेक्टर सहा सांगितलं. त्यानं तिथल्याच सेक्टर सहाला सोडलं. मग दुसरा म्हणाला, वाशीचं असेल. तिथेही गेले. प्रत्येक गावाला आपला सेक्टर सहा आहे हे मला कसं कळणार ओ ताई? निघायच्या आधी नेटवर किती शोधलं. सगळीकडे फ्लॅट विकायच्या जाहिराती. हे कुणी लिहिलंच नाही.”

बोलता बोलता तिची नजर माझ्यावर पडली. दोन नंबरची ओळ वाचली आणि इतका वेळ रडणारी ती मुलगी खळखळून हसली. “अय्या, हे आधी वाचलं असतं तर! थांबा हं, माझी मैत्रीण येणार आहे, तिला पाठवते.” आणि तिनं मोबाईलवर माझा फोटो काढला.

भाविका तिच्याकडे बघत होती, मग माझ्याकडे. वर निळ्यात ‘विषय :’ आणि खाली काळ्यात सासूबाई. तिनं एकदम जिन्यात जाऊन हाक मारली, “सौरभभाऊ! खाली या! आत्ताच्या आत्ता!”

पुढचा आठवडा त्या खोलीत नुसती धांदल होती. भाविका नमिताला विचारायची, अजून काय काय कळलं नाही? सौरभला विचारायची, तुम्ही आलात तेव्हा कुठे फसलात? नवी मुंबईत पहिल्यांदा राहायला येणाऱ्यांसाठी, असा तिचा ब्लॉग ठरला. पहिला लेख, ‘सेक्टर सहा म्हणजे नेमका कुठला?’ उरणहून परतलेल्या सुमित्राबाईंना आपण काय करून ठेवलंय हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, “जेवन मोजून सांगता येत नाय. पन वाट सांगता येते.”

नारळी पौर्णिमेला सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ घेऊन गाव वाजतगाजत जेट्टीकडे निघालं. घरात भाविकानं बटण दाबलं आणि लेख जगाला दिसू लागला. सुमित्राबाईंनी माझ्या कोपऱ्याला हळदकुंकू लावलं आणि उंबऱ्यावर नारळ फोडला. “दर्याला एक, फल्याला एक,” म्हणाल्या. त्या दिवशी मला महाप्याच्या एसीतल्या भावांची कीव आली.

दुसऱ्याच दिवशी तळोज्याहून फोन आला. ब्लॉगातून तेव्हा एक पैसाही आलेला नव्हता. पण भाविका म्हणाली, “नाही सर, मी दुसरं काम घेतलंय.” फोन ठेवल्यावर तिनं प्राचीला उचलून घट्ट धरलं.

गणपती गेले, नवरात्र गेलं. भाविका लिहीत राहिली, आणि केतन एकदाही ‘कधी येणार पैसे?’ म्हणाला नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. दिवाळीनंतर बाजीराव नावाचे एक टेम्पोवाले स्वतः दारात आले. सामान हलवायला त्यांच्याकडे येणारी पोरं भाविकाचं लिहिलेलं वाचून येत होती. त्यांनी ब्लॉगवर आपली जाहिरात लावायला सांगितली आणि रोख पैसे हातावर ठेवले. मग जाहिरात कंपनीचे पैसेही खात्यात येऊ लागले. तळोज्याच्या पगाराएवढे अजून नाहीत, पण दर महिन्याला जरा जास्त.

सुमित्राबाईंना मात्र उलगडेना. “पन पैसे देतं कोन? आनि कशाला?”

“आई, माझ्या लेखाच्या बाजूला जागा असते. तिथे ते जाहिरात लावतात. त्या जागेचं भाडं.”

सुमित्राबाईंचा चेहरा उजळला. “म्हंजे तू पन खोल्याच देतंस भाड्यानं! मंग अशी बोल ना.”

परवा रणजीत सर आले होते. त्यांच्याकडे नवे शिक्षक येणार आहेत, त्यांच्यासाठी खोली विचारायला. सवय वाईट असते. दारातून आत आले, बोलता बोलता डस्टर उचलला आणि माझ्यावर वरून खाली एक हात फिरवला. तोच जुना कसलेला हात. काळी अक्षरं राहिली, पण वरचा निळा शब्द एका फटक्यात नाहीसा झाला.

“अहो सर!” सगळे ओरडले.

“काय झालं? हे खालचं जात नाही का? थांबा, सोपं आहे. यावर आपला साधा मार्कर गिरवला की निघतं.” सरांनी खिशातून मार्कर काढलासुद्धा. मला ही युक्ती ठाऊक होती. मी जीव मुठीत धरला.

सुमित्राबाई माझ्यासमोर हात पसरून उभ्या राहिल्या. “मास्तर, हात लावशील तर बघ!”

सर गडबडले. “पण मी काहीतरी पुसलं ना? वर काय होतं? मी परत लिहून देतो.”

भाविका माझ्याजवळ आली. जिथे ‘विषय :’ होतं त्या कोऱ्या जागेवरून तिनं बोट फिरवलं आणि हसली.

“राहू द्या सर,” ती म्हणाली. “ते आता लागत नाही.”

तेव्हापासून माझं कपाळ कोरं आहे आणि पोटावर पाच काळ्या ओळी आहेत. कोपऱ्यात हळदीचा डाग आहे, खाली प्राचीनं काढलेला मासा आहे. एखादी ओळ अंगावर राहावी एवढंच मागितलं होतं, पाच राहिल्या. कधी सारसोळ्याला आलात तर दार उघडंच असतं. वाचा, हवा तर फोटो काढा. फक्त डस्टरला हात लावू नका, काकी जवळच असतात.