डाव्या डोळ्याचा अंदाज

मी कृत्रिम डोळे बनवतो. कवचावर बुबुळाचे रंग चढवायचे, लाल रेशमाचे तंतू चिकटवून शिरा दाखवायच्या, हे माझं पोटापाण्याचं काम. त्यामुळे माणूस समोर आला की मी आधी त्याच्या डोळ्यांतले रंग सुटे करतो. खोड आहे, जात नाही.

माझ्या तीन वर्षांच्या भाचीच्या, चिंगीच्या, डाव्या डोळ्यात कॅन्सरची गाठ निघाली. भेटायला गेलो, ती मांडीवर येऊन बसली आणि माझं सुरू झालं. कडेला राखाडी, आत तपकिरी, मध्ये जरा मधाळ. ताईने माझी नजर बरोबर ओळखली. "माझ्या पोरीचं माप घेऊ नकोस," म्हणाली आणि तिला उचलून आत गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डोळ्यात औषध टोचण्याआधी डॉक्टरबाई पुढच्या भागातलं थेंबभर पाणी काढून घेत. गाठीचा तुकडा काढणं धोक्याचं, पण त्या पाण्यात गाठीची जनुकं उतरलेली असतात. ती तपासली की डोळा वाचेल का, याचा अंदाज येतो. अहवाल येईपर्यंत ताईचा जीव टांगणीला लागला होता आणि भावोजी घरातले नळ दुरुस्त करत बसले होते, न गळणारेसुद्धा.

अहवाल वाईट आला. अशा गाठी बहुतेकदा औषधाला दाद देत नाहीत. आत्ता डोळा काढला तर पोरगी वाचण्याची आशा चांगली, थांबलं तर गाठ पसरण्याची भीती. हा अंदाजच आहे, हेही बाईंनी लपवलं नाही. भावोजींनी नेमका तोच शब्द धरून ठेवला. त्यांना आणखी इंजेक्शनं हवी होती.

संध्याकाळी ताई चिंगीला कडेवर घेऊन माझ्या कामाच्या खोलीत आली.

"तू केलेल्या डोळ्याने ती मला बघेल?"

गिऱ्हाइकांना मी सांगतो, कोणाच्या लक्षातही येणार नाही. बहिणीपुढे ते तोंडातून निघेना.

"नाही, ताई. माझा डोळा बघत नाही. ती उजव्याने बघेल. पण बघायला ती असेल."

ताई रडली. मीही रडलो, त्यात लाज कसली. मग तिने भावोजींना फोन लावला आणि ऑपरेशनची तारीख घ्यायला सांगितली.

तेवढ्यात चिंगीने टेबलावरचा एक तपकिरी डोळा उचलून आईपुढे धरला. ताईने तो घेतला, दिव्याखाली फिरवून पाहिला.

"हिचा याहून उजळ आहे रे," ती म्हणाली.