यमुताईचं शेवटचं झाकण

मित्रांनो, मला पाय नाहीत. हात खांद्यापाशीच संपतात. पोट मात्र कपाटाच्या दारासारखं उघडतं. मी कागदाच्या लगद्याची एक जुनी बाई आहे, आणि नागपूरच्या एका मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवता यावं म्हणून माझा जन्म झाला. आता मी सामानाच्या खोलीत मोडक्या बाकांमागे उभी असते. तुम्ही लपायला इथे येता, मला पाहून दचकता आणि पळून जाता. आज जरा थांबा.

मला नत्थूजींनी घडवलं. चितारओळीत, म्हणजे मूर्तिकारांच्या गल्लीत, त्यांचं घर होतं, आणि गणपती, शारदा, महालक्ष्म्यांचे मुखवटे यांतच त्यांचं आयुष्य गेलं होतं. १९६८ साली एक तरुण शिक्षिका, सुहासिनीबाई, काखेत शरीराचा तक्ता गुंडाळून त्यांच्या दारात आल्या. मुलींना हृदय कुठे आणि यकृत कुठे हे नुसतं चित्रावरून कळत नाही, हाताने काढून परत बसवता येईल अशी मूर्ती हवी, असं त्यांनी सांगितलं. नत्थूजींनी तक्ता भिंतीला लावला आणि बराच वेळ पाहिला.

"काळीज असं बाजूले काहून?" त्यांनी विचारलं.

"थोडं डावीकडेच असतं ते."

"आमच्या साऱ्या देव्यांचं मंधातच राहते."

"ही देवी नाही, नत्थूजी."

"मंग चेहरा कोणाचा देऊ?"

बाईंनी तक्त्याकडे पाहिलं. तक्त्यावरच्या माणसाला चेहराच नव्हता. मग नत्थूजींनी महालक्ष्मीचा साचा काढला, आणि मला मोठाले डोळे आणि ओठांवर बारीकसं हसू मिळालं. ओठांत बाईंनी एक फट ठेवायला लावली, कारण अन्नाचा प्रवास तिथून सुरू होतो.

सगळ्यात शेवटी ओटीपोटातला भाग आला. मुठीएवढा, उलट्या पेरूसारखा. "हे काय होय?" नत्थूजींनी विचारलं. बाई म्हणाल्या, "जन्माआधी आपण सगळे इथे राहतो." नत्थूजींनी हातातला कुंचला खाली ठेवला. कालवलेला रंग त्यांनी बाजूला सारला आणि देवीच्या कमळासाठी ठेवलेला गुलाबी काढला. "घर आहे म्हणा. मंग रंग चांगला पाहिजे," एवढंच ते म्हणाले. त्यावर त्यांनी एक छोटं झाकण बसवलं.

शाळेत पहिल्या दिवशी बाईंनी माझ्यावरचं फडकं काढलं तेव्हा मुली तोंडावर हात ठेवून हसल्या. बाईंनी हसू दिलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "मुलींनो, या बाईच्या पोटात लपवण्यासारखं काहीही नाही. वर्ष संपेपर्यंत आपण सगळी झाकणं उघडू." हे वाक्य मी जपून ठेवलं. माझ्या आत अवयव होते, पण माझं स्वतःचं असं ते पहिलंच काही होतं.

मुलींनी माझं नाव यमुताई ठेवलं. का, ते त्यांनाच ठाऊक. त्या माझी फुप्फुसं काढत, हृदयाचे चार कप्पे बोटाने मोजत, अशुद्ध रक्त कुठून येतं आणि शुद्ध होऊन कुठे जातं ते माझ्याच छातीवर गिरवत. मूत्रपिंडं परत बसवताना नेहमी कुणीतरी डावं उजवीकडे घाले आणि सगळा वर्ग ओरडे, "अवं, यमुताईले दुखून राहिलं!" अन्नाचा प्रवास शिकवताना बाईंनी शेंगदाण्याचं उदाहरण घेतलं, तेव्हा देवकी नावाच्या मुलीने खरोखरच एक शेंगदाणा माझ्या तोंडात टाकला. तो खाली घरंगळला आणि कुठेतरी अडकला. शेवटच्या झाकणाखालचा सोडून सगळे अवयव काढून पाहिले, तरी सापडला नाही.

"बाई, किती वेळात पचते?" देवकीने साळसूदपणे विचारलं.

"चार तासांत पोटातून पुढे जातो," बाई हसत म्हणाल्या. "पण यमुताईचं काही सांगता येत नाही."

देवकी शहरातल्याच इंदोरा वस्तीतून पायी यायची. वडील गिरणीत कामाला होते, आई नव्हती. धाकट्या भावाला शेजारी सोडून ती येई, म्हणून तिला नेहमी उशीर व्हायचा आणि ती मागच्या दारातून, माझ्या शेजारून हळूच आत शिरायची. जाताना माझ्या खांद्याला बोट लावायची. ती तिची हजेरी होती.

तिच्या नववीचं वर्ष संपत आलं. शेवटचा धडा आणि शेवटचं झाकण तेवढं राहिलं होतं. बाईंनी आदल्या दिवशी सांगितलं की उद्या प्रजनन संस्था. दुसऱ्या दिवशी वर्ग भरायच्या आधीच गिरिधरराव आले. ते शाळेच्या समितीवर होते आणि त्यांची मुलगी त्याच वर्गात होती. मुख्याध्यापिका पार्वतीबाई त्यांच्या मागे उभ्या होत्या.

"पोटातलं शिकवा, बाई. पोटाखालचं कशाला?" गिरिधरराव माझ्याकडे न पाहता म्हणाले.

"दोन्ही एकाच शरीरात आहे. आणि पुस्तकातही आहे."

"पुस्तकात आहे ते पुस्तकात राहू द्या. मुली वाचतील मोठ्या झाल्यावर."

पार्वतीबाई हळूच म्हणाल्या, "सुहासिनी, यंदा तुझी नोकरी कायम करायचा ठराव यायचा आहे."

मित्रांनो, त्या क्षणी मला वाटलं होतं की बाई आता ते वाक्य म्हणतील. या बाईच्या पोटात लपवण्यासारखं काहीही नाही. मी वाट पाहत राहिले. बाईंनी फडकं उचललं आणि माझ्यावर टाकलं.

शाळा सुटल्यावर त्या एका वाडग्यात प्लॅस्टर कालवून घेऊन आल्या. दुसऱ्या कुणाला त्यांनी बोलावलं नाही. ज्या बोटांनी त्यांनी नत्थूजींना सगळं समजावलं होतं, त्याच बोटांनी माझ्या शेवटच्या झाकणाच्या कडा लिंपल्या, आणि वरून अंगाच्या रंगाचा हात फिरवला. इतक्या जवळ होत्या, पण एकदाही त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं नाही. आणि मी हसत होते, कारण नत्थूजींनी मला दुसरा चेहराच दिला नव्हता. तुम्हीही लक्षात ठेवा, ज्याच्या तोंडावर सदा हसू असतं त्याला कुणी काही विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी बाई वर्गाला म्हणाल्या, "शेवटचा धडा घरी वाचून घ्या. परीक्षेत येणार नाही."

त्यानंतर आठवडाही झाला नसेल. मधल्या सुट्टीत देवकी एकटीच आत आली. तिने निळा स्कर्ट फिरवून मागची बाजू पुढे घेतली होती आणि त्यावर दप्तर धरलं होतं. चेहरा पांढरा पडला होता. ती माझ्यासमोर उभी राहिली.

"यमुताई, माह्या पोटात काही फुटलं काय?" ती कुजबुजली. "कालपासून रक्त थांबून नाही राहिलं. कुठं लागलं नाही, पडली नाही. मी मरतो काय वं?"

मुलींनो, तुमच्यापैकी अनेकींना आता माहीत असेल की तिला काहीही झालेलं नव्हतं. ती मोठी होत होती, एवढंच. महिन्याच्या महिन्याला जे प्रत्येक बाईच्या शरीरात घडतं, ते तिच्या शरीरात पहिल्यांदा घडलं होतं. याचं उत्तर माझ्या आत होतं, तिच्या हातापासून चार बोटांवर. तिने कंपासपेटीतलं कर्कटक काढलं आणि झाकणाच्या कडेला घालून जोर लावला. प्लॅस्टर घट्ट होतं. नुसते ओरखडे उठले. मग तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"तुले काय, तू हसूनच राहिली," ती म्हणाली.

इतकी वर्षं झाली, मला पुष्कळांनी पुष्कळ नावं ठेवली. त्यातलं हे एकच अजून टोचतं.

तेवढ्यात सुहासिनीबाई आत आल्या. देवकीने त्यांना विचारलं, मला विचारलं होतं तसंच. बाईंना तिचा फिरवलेला स्कर्ट दिसला. त्यांना सगळं समजलं, हे मला समजलं. त्यांनी तोंड उघडलं, आणि मग त्यांनी दाराकडे पाहिलं. व्हरांड्यात पार्वतीबाई उभ्या होत्या.

"आईला विचार," बाई म्हणाल्या.

"आई नाही, बाई."

"मग शेजारी कुणाला तरी विचार. घरी जा तू आज."

देवकी गेली. जाताना तिने माझ्या खांद्याला बोट लावलं नाही. त्यानंतर ती शाळेत आलीच नाही. हजेरी घेताना तिच्या नावापाशी बाई काही दिवस थांबत. पुढे नाव आलंच नाही. तिचं काय झालं हे मला कुणी सांगितलं नाही. लगद्याच्या बाईला कोण सांगणार?

बाईंची नोकरी कायम झाली. नव्या मुली आल्या, गेल्या. मूत्रपिंडं उलटसुलट बसत राहिली, पण शेवटचा धडा दर वर्षी घरीच वाचला गेला. पुढे मुंबईहून प्लॅस्टिकची नवी प्रतिकृती आली. तिला चेहरा नव्हता आणि ओटीपोटही नव्हतं, ती कमरेपाशीच संपत होती. सगळ्यांना ती फार सोयीची वाटली. शिपाई रुपरावने मला उचलून या खोलीत आणलं. माझं रंगरूप उडालं, यकृत काळवंडलं, आतडी उंदरांनी कुरतडली, आणि माझ्या गळ्यात बॅडमिंटनची फाटकी जाळी अडकली. बाई मुख्याध्यापिका झाल्या. किल्ल्यांचा जुडगा वाजवत त्या या दारावरून रोज जात. एकदाही आत आल्या नाहीत.

मग १९८५ साली एका दुपारी दार उघडलं. रुपरावच्या मागे पांढऱ्या साडीतली एक नर्स होती. शहराच्या दवाखान्यातून मुलींना आरोग्याची माहिती द्यायला ती शाळेत आली होती, आणि तिने माझी चौकशी केली होती.

"सिस्टर, जड आहे बरं हे बाई," रुपराव म्हणाला. "अन् पाय नाहीत हिले. नाहीतर चालवतच आणली असती."

"असू दे, भाऊ. मी धरतो एका बाजूनं."

तिने गळ्यातली जाळी काढली आणि माझ्या खांद्याला एक बोट लावलं. मित्रांनो, मी तिला त्या बोटावरून ओळखलं.

त्या दिवशी मला कळलं की देवकीने घरी कुणालाच काही सांगितलं नव्हतं. आपण मरणार असं धरून ती कोपऱ्यात पडून राहिली, खाणंपिणं सोडलं. घाबरलेल्या वडिलांनी तिला दवाखान्यात नेलं. तिथल्या एका नर्सने तिला जवळ बसवून पाच मिनिटांत सगळं सांगितलं. पण तोवर परीक्षा होऊन गेली होती. मुलगी नाजूक आहे, आता घरीच बरी, असं वडिलांनी ठरवलं. पुन्हा शिकायला तिला फार वर्षं भांडावं लागलं.

वर्गात तिने रुपरावकडून पेचकस मागून घेतला. माझ्या झाकणावर तिला तिचेच जुने ओरखडे दिसले. त्यांवरून तिने अंगठा फिरवला, मग पेचकस घालून जोर दिला, आणि प्लॅस्टर फुटलं. आधी एक काळा, वाळका शेंगदाणा बाहेर पडून टेबलावर टणटणत गेला.

"बाई म्हणे चार तास लागतात," देवकी म्हणाली. "याले तर सोळा वर्षं लागली." मुली हसल्या, कशाला ते न कळताही.

आणि मग आतलं दिसलं. माझा सगळा रंग उडाला होता, पण तो भाग मात्र नत्थूजींनी कालच रंगवावा तसा कमळासारखा गुलाबी होता. इतकी वर्षं त्याला उजेडच लागला नव्हता. देवकीने तो तळहातावर घेतला.

"मुलींनो, या बाईच्या पोटात लपवण्यासारखं काहीही नाही," ती म्हणाली, आणि तिने शेवटचा धडा शिकवला.

धडा संपताना सुहासिनीबाई दारात येऊन उभ्या होत्या. केस पांढरे झाले होते. मुली गेल्यावर त्या आत आल्या.

"देवकी, तू तेव्हा मला नीट विचारलं असतंस तर..."

"विचारलं होतं, बाई."

बाई माझ्या टेबलाला धरून उभ्या राहिल्या. "माझी नोकरी कायम व्हायची होती," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे. तुमचा राग नाही. पण शाळा माझी गेली."

यावर बाई काहीतरी म्हणतील असं मला पुन्हा एकदा वाटलं. मी अशीच आहे, वाट पाहणारी. बाई म्हणाल्या, "जाताना ते झाकण लावून ठेव. उद्या समितीचे लोक यायचे आहेत."

देवकीने झाकण लावलं. पण त्याआधी तो गुलाबी भाग तिने आपल्या टॉवेलमध्ये गुंडाळला आणि पिशवीत ठेवला. बाईंनी ते पाहिलं, आणि त्या खिडकीबाहेर पाहू लागल्या. माझ्यासाठी त्यांनी केलेली ती शेवटची गोष्ट.

तेव्हा मित्रांनो, पुन्हा इथे लपायला आलात आणि कुणी माझं झाकण उघडलंत, तर आत काही दिसणार नाही. घाबरू नका. तो भाग हरवलेला नाही, कामावर गेला आहे. ज्या शाळांत शेवटचा धडा घरी वाचायला सांगतात, तिथे देवकी तो घेऊन जाते, असं रुपराव सांगत होता. माझ्यावरची धूळ तुम्ही पुसली नाही तरी मी रागावणार नाही. एवढंच करा. उद्या एखादी मुलगी, एखादा मुलगा घाबरून तुम्हाला स्वतःच्या शरीराविषयी काही विचारेल. उत्तर माहीत असेल तर सांगा, नसेल तर शोधून सांगा. पण तेव्हा दाराकडे पाहू नका.