चवळीखाऊंची स्वखुशी

गोऱ्या साहेबाने गोरखचिंचेखाली सभा घेतली, त्या दिवशी चेकोरो त्राओरे खुशीत होता. बाजरीची कापणी झाली की सितानशी त्याचे लग्न होते. त्यासाठी तिच्या बापाच्या शेतात तो चार वर्षे राबला होता.

साहेब बोलला. दुभाष्याने सांगितले, "फ्रान्स तुमची आई आहे. जर्मन तिच्या दारात आलाय. स्वखुशीनं कोण येणार?"

"आई?" म्हातारी न्येबा पुटपुटली. "आजवर ही बाई फक्त कर मागायला यायची."

कुणी हलले नाही. मग दुभाष्या म्हणाला, स्वखुशीने कुणी उठले नाही तर शिपाई घरोघर जाऊन स्वखुशी शोधतील. माणसे माना खाली घालून बसली. ती शांतता फाजाला ज्यारा नावाच्या तरुणाला सोसवेना.

आमच्याकडे ज्यारा आणि त्राओरे ही थट्टेची कुळे. दिसले की एकमेकांना गुलाम म्हणायचे, चवळीखाऊ म्हणायचे. रागवायचे नाही आणि उत्तर दिल्याशिवाय राहायचे नाही.

फाजाला उठला. "साहेब, हा चेकोरो माझा गुलाम. घेऊन जा, फुकट! चवळी खाऊन असा वास सोडतो की जर्मन पळत सुटतील."

सगळे गाव हसले. चेकोरोला गप्प बसणे शक्य नव्हते. "जातो की! तुझ्या आईच्या हातच्या चवळीपेक्षा तोफेचा गोळा पचायला हलका."

दुभाष्याने सगळे जसेच्या तसे साहेबाला सांगितले. साहेब गंभीर झाला. "फ्रान्सच्या राज्यात गुलाम नसतात. हा स्वतंत्र माणूस आहे, आणि त्यानं स्वतःच्या तोंडानं होकार दिलाय." त्याने चेकोरोचा एक हात प्रेमाने हातात घेतला. दुसरा शिपायाने धरला.

फाजालाचा चेहरा उतरला. "अहो, थट्टा होती ती! त्याचं लग्न आहे."

"साहेब म्हणतात, मरणाची थट्टा कुणी करत नाही."

"आम्ही करतो! मयतालासुद्धा करतो."

हे दुभाष्याने साहेबाला सांगितलेच नाही.

"मग त्याला सोडा, मला न्या."

हे मात्र सांगितले. साहेबाचे डोळे भरून आले. त्याने दोघांनाही नेले.

ट्रक नदीच्या वाटेला लागेपर्यंत चेकोरो सितानकडे बघत होता. रागवायची मुभा नव्हती. "गुलामा," तो फाजालाला म्हणाला, "माझे बूट तू पुसायचे."

परत आला तो एकटा फाजाला. नव्या साहेबाने त्याच्या छातीवर पदक लावले आणि विचारले, फ्रान्ससाठी लढावेसे का वाटले?

"चवळीमुळे," फाजाला म्हणाला.

"आईच्या मायेनं," दुभाष्याने सांगितले.

तिथून फाजाला त्राओरेंच्या अंगणात गेला. बायका चेकोरोसाठी रडत होत्या. अशा वेळी ज्याराने मेलेल्याची टवाळी करायची असते. फाजाला उभा राहिला, पण तोंड उघडेना.

"बोल ना रे," सितान ओरडली. "तेव्हा बरी जीभ चालली!"

"चवळीखाऊ," फाजाला कसाबसा म्हणाला, "ऊठ. बूट पुसून ठेवलेत."

आणि सवयीने उत्तराची वाट बघत राहिला.